स्टुडिओबाहेरचे काम : वाचकांचे प्रश्न, छायाचित्रकाराची उत्तरे

गेल्या अंकात लोकेशनवरच्या छायाचित्रणावर माझा लेख आला होता. इमारती, हॉटेले, कारखाने आणि मासिकांतले स्थळलेख अशी कामे कोणाच्याही नोकरीत नसताना, स्वतःच्या हिमतीवर कशी मिळतात आणि कशी पार पडतात, हा त्याचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. प्रश्न थोडक्यात घेतले आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच काम करण्याचा विचार आहे. हाताशी चार लाख रुपये आहेत. कोणता कॅमेरा आणि कोणत्या लेन्स घ्याव्यात? (वाचक, पुणे)

उत्तर : निम्मे पैसे बँकेतच राहू द्या. स्वतंत्र कामात पैसे उशिरा येतात आणि पहिल्या वर्षी तर फारच उशिरा येतात, त्यामुळे घरखर्चाची सोय हीच पहिली खरेदी समजावी. उरलेल्या रकमेत एकाच कंपनीचे, एकाच माउंटचे (म्हणजे लेन्स बसवण्याची खाच एकसारखी असलेले) दोन कॅमेरे घ्यावेत. ते वापरलेले असले तरी चालतील, मात्र दोन्हींत एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरण्याची सोय हवी. एक रुंद कोनाची लेन्स, एक मधल्या पल्ल्याची झूम आणि वाऱ्यात न हलणारा ट्रायपॉड एवढ्यावर सुरुवात होते. टिल्ट-शिफ्टसारख्या (इमारतीच्या उभ्या रेषा सरळ ठेवणाऱ्या) महाग लेन्स पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्याने मिळतात आणि ते भाडे कोटेशनमध्ये धरता येते.

दोन कॅमेऱ्यांचा आग्रह मी धरते, कारण स्टुडिओत कॅमेरा बिघडला तर काम उद्यावर टाकता येते. लोकेशनवर मात्र हॉटेलने त्या दिवसापुरत्या खोल्या रिकाम्या ठेवलेल्या असतात, कारखान्याने तासाभरासाठी यंत्र थांबवलेले असते. ग्राहक सुंदर फोटोचे पैसे देतो हे खरेच, पण त्याहून अधिक पैसे तो त्या एका दिवशी काम हमखास होईल या खात्रीचे देत असतो. पुढच्या बहुतेक उत्तरांतही हीच गोष्ट वेगवेगळ्या वाटांनी आली आहे.

प्रश्न : कोटेशनमध्ये रेकीचे, म्हणजे आधी जाऊन जागा पाहून येण्याचे, पैसे लावले की ग्राहक म्हणतात, जागेचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, नकाशा गूगलवर आहे, मग वेगळी चक्कर कशाला? रेकी सोडून द्यावी का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : सोडू नका आणि फुकटही करू नका. मोबाइलवरच्या फोटोंतून जागा कशी आहे ते कळते, पण तेथे कोणत्या वेळी ऊन कोठून येते ते कळत नाही, आणि आपले सगळे काम त्या उन्हावर उभे असते.

आपल्याकडच्या उन्हाचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. मुंबईत हे मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी घडते, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. उलट डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो. त्यामुळे हिवाळ्यात दिवसभर तिरपे ऊन मिळते, भिंतीवरची कलाकुसर आणि दगडाचा पोत उठून दिसतो, आणि म्हणूनच बहुतेक ग्राहकांना डिसेंबर-जानेवारीच्या तारखा हव्या असतात. पण इमारतीचे तोंड उत्तरेला असेल तर त्या दिवसांत तिच्या दर्शनी भागावर उन्हाचा कवडसाही पडत नाही. अशा इमारतीसाठी मी एप्रिलचा शेवट सुचवते, कारण तेव्हा सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो आणि सकाळचे ऊन त्या भिंतीला घासत जाते. तेवढे थांबणे शक्य नसेल तर दर्शनी फोटो संधिप्रकाशात घ्यावा. हे आपल्याला तारीख ठरवण्याआधी कळले पाहिजे, कारण दिवस उजाडल्यावर ग्राहकाला सांगितलेली अडचण त्याला सबबच वाटते.

सूर्याची दिशा दाखवणारी अ‍ॅप आहेत आणि मीही ती रोज वापरते. पण पश्चिमेचा डोंगर, समोरचा वड आणि शेजारी नव्याने उभी राहिलेली सात मजली इमारत यांची सावली प्रत्यक्ष जागेवर उभे राहिल्याशिवाय उमगत नाही. सह्याद्रीच्या पूर्व पायथ्याला असलेल्या गावात पंचांगातला सूर्यास्त सहाचा असला तरी अंगणातले ऊन त्याच्या कितीतरी आधी निघून जाते.

संध्याकाळच्या फोटोचे उदाहरण थोडे विस्ताराने देते, कारण हॉटेलवाले मुखपृष्ठासाठी तोच फोटो मागतात. सूर्यास्तानंतर आकाश गडद निळे आणि आतले दिवे पिवळे दिसतात, ती वेळ आपल्या अक्षांशावर फार तोकडी असते. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या उजेडाला नागरी संधिप्रकाश म्हणतात, आणि मुंबई-पुण्याकडे तो जेमतेम २२ ते २४ मिनिटे टिकतो. त्यातही आकाश आणि दिवे यांचा तोल बरोबर जमलेला असतो तो निम्म्याहून कमी वेळ. म्हणजे एका संध्याकाळी एक जागा, फार तर दोन. कोकणातल्या एका समुद्रकाठच्या हॉटेलात आदल्या संध्याकाळी रेकीला उभे राहिल्यावर लक्षात आले की व्हरांड्यातल्या पिवळ्या दिव्यांच्या रांगेत मधलाच एक दिवा पांढरा आहे, पोहण्याच्या तलावाचा पंप चालू असल्याने पाण्यात इमारतीचे प्रतिबिंब तुटते आहे, आणि रखवालदाराची प्लॅस्टिकची खुर्ची व बागेला पाणी घालायचा हिरवा पाइप नेमके चौकटीच्या मधोमध येत आहेत. दुसऱ्या दिवशी वायरमनने दुपारीच दिवा बदलला, पंप सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद झाला, खुर्ची आणि पाइप मागच्या अंगणात गेले. त्या मोजक्या मिनिटांत मला फक्त कॅमेऱ्याकडे बघायचे होते. रेकी झाली नसती तर ही सगळी धावपळ त्याच वेळात करावी लागली असती.

रेकीचा दर मी दिवसाच्या दराच्या निम्मा लावते आणि प्रवासखर्च वेगळा घेते. त्या बदल्यात ग्राहकाला एक लेखी पान देते : कोणता फोटो किती वाजता, कोठून, आणि त्यासाठी त्यांच्या माणसांनी काय तयार ठेवायचे. ते पान हातात पडले की पैशांविषयीची कुरकुर बहुधा थांबते. तरीही कोणी अडून बसला तर ‘रेकी’ हा शब्द कोटेशनमधून काढा, रक्कम एकूण आकड्यात धरा आणि जागा बघायला जाच.

प्रश्न : एका पर्यटन कंपनीच्या कॅलेंडरसाठी गडकिल्ले आणि लेणी यांचे फोटो काढायचे आहेत. ट्रायपॉड आणि ड्रोन नेता येईल का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आधी वास्तू कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे, कारण अर्ज कोठे करायचा ते त्यावर ठरते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. या अकरांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग यांचे संरक्षण केंद्राचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी हे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. एकाच कॅलेंडरसाठी रायगड आणि राजगड दोन्ही हवे असतील तर दोन वेगळ्या कार्यालयांत दोन अर्ज करावे लागतात, आणि ही गोष्ट ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगितली तर पुढचे वेळापत्रक कोलमडत नाही.

केंद्र-संरक्षित वास्तूंत हातात धरलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढण्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. ट्रायपॉड, दिवे आणि व्यावसायिक हेतू आला की लेखी परवानगी आणि शुल्क आले. अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत तर फ्लॅशला पूर्ण मनाई आहे, कारण तीव्र प्रकाशाने रंगांची हानी होते. ही मनाई मनापासून पाळावी. दीड हजार वर्षांहून जुने रंग आपल्या एका कॅलेंडरासाठी पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. परवानगीच्या पत्राच्या छापील प्रती दोन न्याव्यात, एक आपल्याकडे ठेवावी आणि दुसरी गेटवरच्या रक्षकाला द्यावी. त्यालाही वरिष्ठांना उत्तर द्यायचे असते, आणि कागद हातात असला की तोच आपल्याला मदत करतो.

ड्रोनचा विचार या कॅलेंडरपुरता सोडून द्या, असाच माझा सल्ला आहे. संरक्षित वास्तूंवर खास परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. इतरत्रही २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यावसायिक कामासाठी उडवायचा तर त्याची नोंदणी आणि चालवणाऱ्याचे रिमोट पायलट प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. विमानतळाच्या परिघापासून १२ किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात वेगळे निर्बंध आहेत, आणि डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर हिरवा, पिवळा व लाल विभाग पाहूनच जागा ठरवावी लागते. काम अगदी अडलेच तर प्रमाणपत्रधारक ड्रोनचालक दिवसाच्या दराने बोलवावा.

प्रश्न : मी दरवर्षी ज्ञानोबा माउलींच्या पालखीसोबत चालत फोटो काढतो. फुगडी घालणाऱ्या एका वृद्ध वारकरी बाईंचा फोटो एका औषध कंपनीला सांधेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीसाठी हवा आहे. रक्कम चांगली आहे. पण त्यांचे नाव-गाव मला ठाऊक नाही. काय करावे? (वाचक, सातारा)

उत्तर : त्यांची परवानगी मिळेपर्यंत फोटो देऊ नका. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर चाललेल्या सोहळ्याचा फोटो काढणे वेगळे आणि त्या फोटोतल्या माणसाच्या चेहऱ्यावर माल विकणे वेगळे. जाहिरात पाहणारा असे समजेल की आजींनी हे मलम लावले आणि त्या नाचू लागल्या. त्या तर विठ्ठलाच्या ओढीने नाचत होत्या. त्यांच्या भक्तीला आपण परस्पर दुसरा अर्थ चिकटवावा, हे मला मुळीच मान्य होत नाही. कायद्याच्या अंगानेही, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे, आणि जाहिरात कंपनी उद्या अडचणीत आली तर ती संमतिपत्र तुमच्याकडेच मागणार आहे.

त्यांचा शोध लागण्याची शक्यता मात्र चांगली आहे. त्या सोहळ्यात प्रत्येक दिंडीला रथापुढे किंवा रथामागे असा ठरलेला क्रमांक असतो, आणि दिंडीच्या ट्रकवर किंवा फलकावर तो क्रमांक व गावाचे नाव लिहिलेले असते. त्या दिवशीचे तुमचे सगळे फोटो पुन्हा बघा. आगे-मागे कोठेतरी फलक, पताका किंवा तोच वीणेकरी दिसेल, आणि दिंडीचालकापर्यंत पोहोचलात की गाव सापडेल. तेथे फोटोची मोठी छापील प्रत घेऊन जा. कोणत्या मालाची जाहिरात आहे, फोटो कोठे दिसेल, तुम्हाला किती पैसे मिळणार आहेत आणि त्यांतले त्यांना किती, हे सगळे घरच्या माणसांसमोर मोकळेपणाने सांगा. संमतिपत्र एका पानाचे, साध्या मराठीत असावे आणि सही किंवा अंगठा घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवावे. आजी नको म्हणाल्या तर विषय तेथेच संपवा, फोटोची प्रत त्यांच्याकडे ठेवून या आणि कंपनीला तसे कळवा.

वारीवरच्या लेखात किंवा बातमीत तोच फोटो छापायला असे पत्र सहसा लागत नाही, पण फोटोखालची ओळ खरी असली पाहिजे. पुढच्या वारीपासून ओळखू येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याच्या फोटोनंतर दिंडीच्या फलकाचाही एक फोटो काढत जा.

प्रश्न : एका बांधकाम व्यावसायिकासाठी फोटो काढले. करार नव्हता, सगळे फोनवर ठरले. आता तेच फोटो एका रंग कंपनीच्या जाहिरातीत दिसत आहेत, आणि माझे निम्मे पैसे सात महिन्यांपासून अडकले आहेत. माझा काही हक्क आहे का? (वाचिका, ठाणे)

उत्तर : आधी कटू भाग सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, कोणी पैसे देऊन स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. अनेक छायाचित्रकारांना हे ठाऊक नसते. ‘बटण मी दाबले म्हणजे फोटो माझा’ हे नियम म्हणून खरे आहे, पण सांगून करून घेतलेल्या कामाला ते लागू पडेलच असे नाही. तुमच्या ईमेलांत किंवा संदेशांत वापराविषयी काही ठरल्याचे दिसत असेल तर ते सगळे जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा. फोटोचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क ५७ व्या कलमाने तुमच्याकडेच ठेवला आहे, तो हक्कांच्या विक्रीनंतरही उरतो.

पुढच्या कामांत कोटेशनच्या खालीच चार ओळी घाला : फोटोंचे हक्क छायाचित्रकाराकडे राहतील. ग्राहकाला ते स्वतःची वेबसाइट आणि माहितीपत्रक यांसाठी, तीन वर्षे, भारतात वापरता येतील. दुसऱ्या कंपनीला देता येणार नाहीत. तसे द्यायचे असल्यास वेगळे शुल्क पडेल. ग्राहकाचे ‘मान्य’ असे लेखी उत्तर आल्याशिवाय तारीख पक्की करू नका. रंग, फरशी आणि काचा बनवणाऱ्या कंपन्यांना इमारतींचे फोटो हवेच असतात, त्यामुळे ही शेवटची ओळ पुढे खरोखर पैसे मिळवून देते. ग्राहकाने सगळे हक्क मागितले तरी बिचकू नका, फक्त त्यांची किंमत वेगळी लावा. हक्क लेखीच द्यावे लागतात, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो. जे फोटो तुम्ही आपण होऊन, कोणी न सांगता काढता, ते मात्र निखालस तुमचे असतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून तो हक्क छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो.

आता अडकलेले पैसे. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी मोफत होते आणि ती सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही करता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते, आणि तक्रार ऑनलाइन करता येते. नोंदणी काम घेण्याआधीची असलेली बरी. मागाहून केलेल्या नोंदणीचा जुन्या बिलांना उपयोग होईलच असे नाही, म्हणून ती आजच करून टाका. जुन्या बिलासाठी बिलाची तारीख, रक्कम आणि काम पोहोचवल्याचा पुरावा जोडून रीतसर पत्र पाठवा. यापुढे निम्मी रक्कम तारीख पक्की करताना घ्या आणि उरलेली मिळेपर्यंत फक्त लहान आकाराच्या, नाव उमटवलेल्या प्रती दाखवा.

प्रश्न : मी चोवीस वर्षांची आहे. कारखान्यांची आणि बाहेरगावची कामे मला एकटीला देताना ग्राहक कचरतात आणि घरचेही. तुम्ही यातून वाट कशी काढलीत? (वाचिका, नाशिक)

उत्तर : ‘एकटीला’ हा शब्दच कोटेशनमधून काढून टाकला. बाहेरगावच्या प्रत्येक कामात सहायकाचे मानधन, ओळखीच्या चालकाची गाडी आणि मी निवडलेल्या ठिकाणचा मुक्काम धरलेला असतो आणि त्यावर मी घासाघीस करत नाही. ‘आमच्या गेस्ट हाऊसवर उतरा’ हे निमंत्रण आभार मानून नाकारावे. जागेचा पत्ता, तेथल्या जबाबदार माणसाचा फोन आणि परतण्याची वेळ यांचा कागद घरी ठेवून निघावे. घरच्यांची काळजी बोलून कमी होत नाही, त्या कागदाने बरीच होते.

कारखान्यात गेल्यावर पहिला तासभर कॅमेरा पिशवीतच असू द्या. सुरक्षा अधिकाऱ्याला भेटा, हेल्मेट आणि सेफ्टी शूज घाला, ओढणी किंवा सैल बाह्या फिरत्या यंत्राजवळ नेऊ नका. मग यंत्रावरच्या दादांना त्यांचे काम समजावून सांगायला सांगा. भट्टीचे दार कधी उघडते, ठिणग्या कोणत्या बाजूला उडतात, कोणत्या क्षणी फ्लॅशने डोळे दिपून अपघात होऊ शकतो, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ज्या बाईने आधी त्यांचे काम समजून घेतले तिच्यासाठी तीच माणसे नंतर स्वतःहून जागा मोकळी करून देतात, हा माझा अनुभव आहे. ग्राहक कचरला तर त्याची नेमकी काळजी कशाची आहे ते सरळ विचारा. सुरक्षिततेची असेल तर वरची सगळी व्यवस्था त्याच्यापुढे ठेवा. मुलीला हे काम जमेल का अशी शंका असेल, तर तुमचे कारखान्यांतले फोटो दाखवा आणि त्याहून अधिक स्पष्टीकरण देत बसू नका.

प्रश्न : पावसाळ्यात कोकणातून परतल्यावर लेन्सच्या आत जाळ्यासारखी बुरशी दिसली. ती निघते का? (वाचक, पनवेल)

उत्तर : नुकतीच लागली असेल तर जाणकार दुरुस्तीवाला लेन्स उघडून साफ करू शकतो. काचेवरचा लेप बुरशीने खाल्ला असेल तर डाग राहतो. त्यामुळे उशीर न करता दाखवा, आणि तोवर ती लेन्स बाकीच्या लेन्सपासून वेगळी ठेवा. एरवी लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये असाव्यात. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक पुरतो. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत मात्र पावसाळाभर काहीही ठेवू नये. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्यावा, नाहीतर काचेवर दव धरते. समुद्रकाठी काम झाल्यावर खारे तुषार किंचित ओल्या फडक्याने टिपून लगेच कोरडे करावेत. सिलिकाचे नारिंगी कण हिरवट झाले की ते मंद आचेवर पुन्हा नारिंगी होईपर्यंत सुकवून, गार करून डब्यात परत ठेवावेत. जून ते सप्टेंबर हे दर आठवड्याला तपासावे लागते.